टेलिफोनच्या नोकरीसाठी मातीचा लेप

"चेहऱ्याला काही लावत नाही का तुम्ही?"

साहेबांनी हे विचारलं तेव्हा मुलाखत जवळजवळ संपली होती. मराठी, हिंदी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत मी त्यांना बोलून दाखवलं होतं. त्यांनी एकदाच वाचलेले फोन नंबर न चुकता परत सांगितले होते. "आवाज छान आहे हो," असं ते स्वतःच म्हणाले होते. जागा टेलिफोन ऑपरेटरची होती. तळोज्याचा रसायनांचा कारखाना, कारखान्याच्या ऑफिसात मागच्या बाजूला एक खोली, त्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड आणि बोर्डासमोर एक खुर्ची. ती खुर्ची मला हवी होती.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे असं बघा," पेपरवेट गोल फिरवत ते म्हणाले, "तुमची स्किन जरा ऑयली आहे. पिंपल्स पण आहेत. वाईट वाटून घेऊ नका, माझी भाची तुमच्याच वयाची आहे. पण जाहिरातीत आम्ही स्पष्ट लिहिलंय ना, प्लीझिंग पर्सनॅलिटी. आठवडाभरात काहीतरी ट्रीटमेंट करा, जरा फ्रेश दिसा. पुढच्या सोमवारी या, फायनल करून टाकू."

"पण सर, फोनवर चेहरा दिसत नाही."

"दिसत नाही," ते हसले, "पण जाणवतो."

ते वाक्य म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाने उभ्या माणसाला दाखवलेली जागा होती. मी "बरं सर" म्हटलं आणि बाहेर आले. गेटपर्यंत येईस्तोवर माझे कान तापले होते, आणि ते त्याच्यामुळे तापले होते की माझ्या "बरं सर"मुळे, हे मला कळत नव्हतं.

"बरं सर" म्हणायला कारण होतं. बाबा तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे संप झाला, मग तडजोड झाली, आणि तडजोडीनंतर ज्यांना आत घेतलं नाही त्यांत बाबा होते. त्यांची केस कामगार न्यायालयात पडून होती. आई बेलापूरच्या आमच्या वसाहतीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायची. मी बारावी होऊन ऑपरेटरचा कोर्स केला होता तो घर चालवायला, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी तसं बोलत नसे.

पण मला ती खुर्ची हवी होती ती आणखी एका कारणासाठी. माझा चेहरा आठवी-नववीपासून तेलकट. सकाळी साबणाने घासून धुतला तरी शाळेची प्रार्थना होईपर्यंत कपाळ चकाकायला लागायचं. मग हनुवटीवर आणि गालांवर पुटकुळ्या आल्या, त्या गेल्या नाहीत. वर्गात मला 'बटाटवडा' म्हणत. लग्नाकार्यात गेलं की ओळखदेख नसलेल्या बायका हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे वळवायच्या आणि आईला विचारायच्या, "पोट साफ होतं का हिचं?" माझ्या पोटाची चौकशी परक्या मांडवात! बोर्डावर बसलं की माणूस म्हणजे नुसता आवाज. तिथे माझ्या चेहऱ्याला कुणी हात लावणार नव्हतं. सगळ्या जगात अशी एकच नोकरी मी शोधून काढली होती आणि तिच्याही दारात एक माणूस माझा चेहरा तपासायला बसला होता.

आमच्या घरात राग कसा करायचा याचं शिक्षण उत्तम मिळत असे. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. गणितं सोडवली तीही तिथेच. पान उलटलं की पुढच्या बाजूला 'बंधूंनो आणि भगिनींनो, हा अन्याय आपण किती दिवस सहन करणार!' असं असायचं. बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की छापलेल्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. बाबा मजकूर लिहायचे, ओळखीच्या छापखान्यातून पत्रकं आणि पोस्टरं यायची, आणि ती चिकटवायला खळ आई शिजवायची. पातेल्यात पीठ घोटून घोटून केलेली चिकट खळ. तिच्यात ती मोरचूद घालायची. निळ्या खड्यांची पूड गरम पाण्यात विरघळवून वरून ओतायची. मोरचूद नसेल तर खाडीच्या दमट हवेत खळ दुसऱ्या दिवशी आंबते, आणि चिकटवलेलं पोस्टर गाई चाटून चाटून फाडून खातात. मोरचूद घातला की गाय एकदा जीभ लावते आणि पुढच्या भिंतीकडे जाते. हे घरातल्या प्रत्येकाला मीठ-मिरचीसारखं माहीत होतं. मलाही.

तर त्या दिवशी घरी येऊन मी सांगितलं. आईने हातातला फॉल खाली ठेवला. बाबा म्हणाले, "असं बोलला? तोंडावर?"

"तोंडाबद्दलच बोलला," मी म्हटलं.

"तू काय म्हणालीस?"

"बरं म्हटलं."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मी संपात पहिल्याच दिवशी कामावर गेलेल्या माणसाइतकी खाली उतरले. आईने मात्र विचारलं, "सोमवारी ये म्हणालाय ना? म्हणजे देणार आहे. आठवडा आहे हातात."

वरच्या मजल्यावरच्या काकूंना आईने विचारलं, ही तिची चूक. काकूंच्या घरी बायकांची मासिकं यायची आणि त्या इमारतीतल्या सगळ्या मुलींच्या लग्नाच्या काळजीत असायच्या. त्या स्वतः खाली आल्या, माझा चेहरा उजेडाकडे वळवला, आणि म्हणाल्या, "मुलतानी माती. दुसरं काही नाही. तेल शोषून घेते बघ, ब्लॉटिंग पेपरसारखी. रोज लाव. आणि गुलाबपाण्यात कालव."

"आमच्याकडे गुलाबपाणी नाही," मी म्हटलं.

"असं कसं नाही? लग्नाची मुलगी आहे घरात!"

"लग्नासाठी नाही काकू, नोकरीसाठी लावायचंय."

"अगं, दोन्हीला तोच चेहरा न्यायचा असतो," काकू म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेव. लेप वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही. तोंड हललं की लेपाला तडे जातात आणि मग चेहऱ्यावर रेघा पडतात. गप्प पडून राहायचं. जमेल ना तुला?"

त्या हसल्या, आई हसली. मी हसले नाही. बोलण्याची नोकरी मिळावी म्हणून तोंड बंद करून पडून राहायचं. बाबांनी इतकी पत्रकं लिहिली, त्यांत हे कुठेच आलं नव्हतं.

आईने बाजारातून मातीची पुडी आणली. पिवळसर खडे होते. वरवंट्याने फोडून पाण्यात भिजवले की मऊ चिखल व्हायचा आणि पहिल्या पावसाचा वास कवितांत येतो तसला काही वास त्याला नव्हता. ओल्या पाटीचा यायचा. मी रोज लावू लागले. चेहरा आधी गार पडायचा, मग गाल आतून कुणीतरी ओढत असल्यासारखे ताणायचे, मग नाकाच्या बाजूने माती पांढरी पडत जायची. धुतल्यावर चेहरा थोडा वेळ खरंच कोरडा, गुळगुळीत वाटायचा. आरशात बघून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याबद्दल मी स्वतःवर चिडायचे. संध्याकाळपर्यंत तेल परत वर यायचं. पुटकुळ्या जिथल्या तिथे.

मला दुसरंही एक काम होतं. सोमवारी बोर्डावर बसवून बघतील या आशेने मी वाक्यं म्हणायचा सराव करत होते. 'नमस्कार, आपल्याला कोण हवंय?', 'कृपया लाइनवर थांबा', 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' हीच इंग्रजीत, हीच हिंदीत. दिवसभर आईला फॉल कापून द्यायचे असायचे, पाणी भरायचं असायचं. सरावाला मोकळा वेळ मिळायचा तो लेप लावून बसल्यावरच. आणि तेव्हाच बोलायचं नाही. मी बोलायचेच. 'नमस्कार'ला ओठांच्या कडेची माती सुटायची. 'कृपया'ला हनुवटीची. 'मीटिंगमध्ये'पर्यंत अर्धा गाल मांडीवर.

रविवारी सकाळी मी शेवटचा, जाड लेप लावला. बाबा छापखान्यात पोस्टरं आणायला गेले होते; पहाटेच्या गारव्यात आईने खळ शिजवून गॅलरीत निवत ठेवली होती. आई वरती काकूंकडे साडी द्यायला गेली होती. दार वाजलं. खाडीकाठच्या दिवाळे गावची मासळीवाली होती, आमच्याकडे नेहमी येणारी. मी विसरून तशीच गेले आणि दार उघडलं.

"आये गो!" ती पाटी डोक्यावर धरून मागे सरली. "कोन हाय गो ही? भूत?"

मी हाताने 'मीच' अशी खूण केली.

"तोंडाला काय फासलंस?"

मी भिंतीशी ठेवलेली पुडी दाखवली. तिने पुडी हातात घेतली, वास घेतला, चिमटीत घेऊन चोळून बघितली.

"माती? इकत आनलीस?" ती दारातच बसली. "बाजारातशी माती इकत आनलीस? अगो बाय, आमचे खाडीन ये. गुडघा-गुडघा माती हाय, फुकट! दोघी मिळून लोळू. ये उद्या, तुझे आयेला पन आन." मग पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "पन लवकर ये हां. खाडी पन भरून टाकतान म्हंतान. मंग तुला माती इकायला आमीच दुकान टाकू."

मला हसू आवरलं नाही. लेप कपाळापासून हनुवटीपर्यंत फुटला आणि फरशीवर पडला. ती आणखी हसली. "बघ, माझे हसण्यान तुझा थोबाड पडला!" बोंबील देऊन ती गेली.

आज हे लिहिताना मला तिच्या विनोदाचा दुसरा भाग जास्त आठवतो. तिच्या गावासारख्या गावांच्या शेतांवर, खारजमिनींवर हे शहर उभं राहिलं. आमची इमारत ज्या जमिनीवर होती तीही कुणाची तरी होती. माती घेतली ट्रकांनी आणि आमच्याकडे पुडीतून आली. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात हे काही नव्हतं. माझ्या डोक्यात सोमवार होता.

पुडीत थोडीच माती उरली होती. ती कालवली तर पातळ झाली, गालावर ठरेना. आणि इथे माझ्या हातून जे झालं ते इतर कुठल्याही घरातल्या मुलीच्या हातून झालं नसतं. तिने बेसन घातलं असतं, दही घातलं असतं, साय घातली असती. मी पत्रकवाल्याची मुलगी. भिंतीवर कागद ठरत नसला तर काय करतात? मी गॅलरीत गेले, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि मातीच्या वाटीत दोन डाव खळ घातली. छान मिळून आलं. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं. लेप असा बसला की मी 'नमस्कार' म्हटलं, 'कृपया लाइनवर थांबा' म्हटलं, तरी एक कण पडला नाही. मी खूश होऊन तिन्ही भाषांत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

मग चुरचुरायला लागलं. काकू म्हणाल्या होत्या की थोडं चुरचुरलं तर समजायचं माती काम करतेय. म्हणून मी सहन केलं. सहन करायचं नाही हे शिकत वाढलेली मी, चेहरा जळत असताना खुर्चीत बसून सहन करत होते, कारण कुणीतरी सांगितलं होतं की जळतंय म्हणजे चांगलं होतंय! हनुवटीवरच्या फुटलेल्या पुटकुळीत सुई टोचल्यासारखी कळ आली तेव्हा मला मोरचूद आठवला.

पाणी मारलं. लेप निघेना. आईची खळ होती ती, अशी निघणार नव्हती. मी पंच्याने घासत होते आणि पंचा लाल होत होता. आई परत आली तेव्हा मी मोरीत बसले होते, अर्धा चेहरा मातीचा आणि अर्धा भाजलेला.

"काय केलंस हे?"

"खळ घातली."

"खळ? कुठली?"

तिला उत्तर माहीत होतं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि कोमट पाण्याने भिजवून भिजवून, नखाने एकेक तुकडा सोडवत लेप काढला. मध्ये मध्ये तिला हसू येत होतं आणि मध्ये मध्ये ती रडत होती. "गाय तरी एकदा जीभ लावून मागे सरते," ती म्हणाली. रविवार असल्याने बाजारातला दवाखाना बंद. तिने खोबरेल लावलं, ओला कपडा ठेवला. दुपारपर्यंत डोळ्यांखाली सूज आली, गालांवर लाल चट्टे, आणि हनुवटीची साल निघाली.

बाबा पोस्टरांचा गठ्ठा घेऊन आले. आधी त्यांनी पातेलं बघितलं. "खळ कमी दिसतेय," म्हणाले. मग मला बघितलं. आईने सगळं सांगितलं. ते माझ्यासमोर बसले, हात हातात घेतला, त्यांचे डोळे भरले. मला वाटलं आता ते काहीतरी बापासारखं बोलतील.

"उद्या जाऊ नकोस तू," ते म्हणाले. "आपण यावर पत्रक काढू. कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यात वाटू. 'कामगाराच्या कन्येच्या चेहऱ्यावर भांडवलाचा हल्ला!'"

"भांडवलाचा नाही, मोरचुदाचा," आई म्हणाली.

"अगं, पण मुळात कारण कोण? तो साहेब. ती जाहिरात. हे व्यक्तिगत नाही, हा प्रश्न—"

"पोरीची साल निघालीय आणि तुम्ही मथळा शोधताय!" आईचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "लग्न झाल्यापासून तुमची खळ मी शिजवतेय. त्या कागदावर काय लिहिलंय, बरोबर आहे का, असं एकदा तरी विचारलंत मला? आता तिचा चेहरा हवाय तुम्हाला भिंतीवर लावायला?"

"मी तिच्या बाजूने बोलतोय."

"सगळेच बोलतायत तिच्या बाजूने. ती वरची पण."

बाबा दुखावले. मला त्यांची दया आली नाही. साहेबाला माझा चेहरा टेबलासाठी हवा होता, काकूंना मांडवासाठी आणि बाबांना पत्रकासाठी. माझ्या स्वतःसाठी तो कुणालाच नको होता, आणि मला तर तो कुठेच न्यायचा नव्हता, मला आवाज न्यायचा होता. मी ओल्या कपड्याखालून म्हटलं, "पत्रक निघणार नाही. मी उद्या जाणार आहे."

"अशी?" दोघंही एकदम म्हणाले.

"अशीच."

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले. चेहरा आरशात बघण्यासारखा नव्हता. बाहेर बसलेल्या शिपायाने दोनदा वळून बघितलं. साहेबांनी मान वर केली, आणि जरा मागे सरकले.

"बोला. कोणाकडे काम आहे?"

"ऑपरेटरच्या जागेसाठी, सर. तुम्ही सोमवारी बोलावलं होतंत."

"हां हां. आठवलं, तो आवाज." कागद चाळता चाळता ते माझ्याकडे बघत होते. "हे चेहऱ्याला काय झालंय? काही स्किन डिसीज वगैरे? नाही, विचारायला लागतं. कॅन्टीन एक आहे आमचं, लोक कम्प्लेंट करतात."

"रोग नाही. तुम्ही सांगितलं होतंत ना, ट्रीटमेंट करून या. ती करताना भाजलं."

"मी?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी कशाला सांगेन?"

"सांगितलंत, सर. स्किन ऑयली आहे म्हणालात. चेहरा फोनवर जाणवतो म्हणालात."

"छे छे." ते अगदी मनापासून हसले, आणि मला त्या हसण्यात कुठेही खोटेपणा सापडला नाही. तेच तर भयंकर होतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझा पूर्ण आठवडा, आईची पुडी, निघालेली साल, हे त्यांनी पेपरवेट फिरवता फिरवता म्हटलेलं एक वाक्य होतं आणि ते त्यांच्या डोक्यात दारापर्यंतसुद्धा टिकलं नव्हतं. "अहो, बोर्ड आत असतो, मागच्या खोलीत. खिडकी पण नाही तिथे. तुमचा चेहरा कोण बघतोय? आवाज चांगला असला की झालं. चला, तुमचं करून टाकतो मी. एक तारखेपासून या."

मला ती नोकरी मिळाली होती. एवढं लिहून ठेवते, कारण पुढे लोकांनी वेगळं सांगितलं. मिळाली होती. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला होता, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं होतं. मी पेन उचललं.

"सर," मी म्हटलं, "सही करते. पण तुम्ही ते म्हणाला होतात, एवढं कबूल करा."

"काय?"

"चेहऱ्याबद्दल. 'म्हणालो होतो, चुकलं', एवढंच म्हणा."

"अहो, असेल. मस्करीत म्हणालो असेन काहीतरी. सोडा ना."

"मस्करी नव्हती. मला परत पाठवलंत तुम्ही."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे, पहिल्यांदाच नीट, चट्ट्यांसकट. "बाई, तुम्हाला नोकरी हवीय की भांडण?"

"दोन्ही," मी म्हटलं.

मी हे ठरवून म्हटलं नव्हतं. खरंच मला दोन्ही हवं होतं. मागच्या खोलीत बसून दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं होतं, आणि ज्याने माझ्यावर अन्याय केला त्याने तो केला असं म्हणावं अशीही माझी मागणी होती. यात जास्त काय मागितलं, ते मला कुणी अजून दाखवून दिलेलं नाही.

"भांडायला आमच्याकडे युनियन आहे," ते म्हणाले, "भरपूर आहे. ऑपरेटर शांत लागते." आणि त्यांनी टेबलावरचा कागद आपल्या बाजूला ओढून घेतला. माझ्या हातातलं पेनही त्यांचंच होतं. ते त्यांनी मागून घेतलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा उठून उभे राहिले. "शाब्बास!" म्हणाले. इतके खूश मी त्यांना संपानंतर बघितलं नव्हतं. माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप नको होती. मी हात झटकला आणि म्हटलं, "शाब्बास कशाचं? नोकरी गेली माझी." ते गोंधळले. त्यांच्या हिशेबात मी जिंकून आले होते.

आई शिलाईच्या पेटीशी बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "कागद पुढे केला होता?"

"हो."

"पेन हातात होतं?"

"हो."

"मग आधी सही करायची," ती म्हणाली. "आत जाऊन बसायचं. आणि मग भांडायचं, रोज. तुझ्या बाबांनी तेच केलं, आत होते तोवर त्यांना कुणी हात लावू शकलं नाही. बाहेरच्या माणसाचं भांडण कोण ऐकतं ग?"

"सही केल्यावर मी कशाला कबूल करा म्हटलं असतं, आई? तेव्हा मी त्याची नोकर झाले असते."

"आता कोण आहेस?"

त्यावर आमचं भांडण पुष्कळ दिवस चाललं, कधी बोलून, कधी भांडी आपटून. तिचं म्हणणं मला पटत नाही. ते खोडूनही काढता येत नाही, आणि याचा राग त्या साहेबावरच्या रागाहून काही कमी नाही. मागच्या खोलीतला बोर्ड मी बघितलादेखील नाही. त्याला किती लाइनी होत्या, खुर्ची लाकडी होती की फिरती, मला माहीत नाही. मी ज्याच्यासाठी भाजून घेतलं आणि जे हातचं घालवलं, ते कसं दिसतं हे सांगता येत नाही. बाबांनी मला न विचारता पत्रकाचा मसुदा केला होता. तो मी फाडला. त्यांनी परत लिहिला नाही.

त्या सोमवारच्या दुसऱ्याच दिवशी तुर्भ्याच्या एका गोदामात ऑपरेटर हवी असल्याचं कळलं. आई म्हणाली, "चट्टे जाईपर्यंत थांब." मी थांबले नाही. बसमध्ये समोरच्या बाकावरची एक बाई आपल्या मुलीला कोपराने खुणावून माझा चेहरा दाखवत होती. शेजारचा माणूस वर्तमानपत्राच्या कडेवरून बघत होता. आधीच्या आठवड्यात मी पदर ओढून घेतला असता, खिडकीकडे वळले असते. आता वळले नाही. ऊन थेट तोंडावर येत होतं, भाजलेलं चरचरत होतं, आणि मी त्या दोघांकडे एकेक करून बघत बसले, ते दुसरीकडे बघेपर्यंत.